चार्ज कामाचाही द्या

नंदुरबारला जिल्हाधिकारी बदलले की कचेरीत निरोप होतो, स्वागत होतं, गुच्छ घेऊन माणसं रांगेत उभी राहतात आणि पहिल्याच आठवड्यात आढावा बैठक लागते. मोलगीच्या पुढच्या पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेला ही बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळते. पाठोपाठ दुसरा मेसेज येतो : नव्या नमुन्यात माहिती भरून आज संध्याकाळपर्यंत पाठवा.

माणसाचं मन कामावरून उडतं ते इथे. जुन्या साहेबांनी सांगितलेलं काम पुढे चालू ठेवायचं की सोडून द्यायचं, हे तिला कोणीही सांगत नाही. चार्ज देताना फायली, चाव्या, गाडी, बंगला, सगळं सह्यांनिशी सोपवलं जातं. अर्धवट राहिलेलं काम आणि ते करणारी माणसं मात्र त्या कागदावर कुठेच नसतात.

खाजगी कंपन्यांकडून यातलं एक तरी शिकावं. 24 ऑक्टोबर 2016 ला टाटा सन्सने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. हंगामी अध्यक्ष झालेल्या रतन टाटांनी लगोलग समूहातल्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहून, समूहाच्या स्थैर्यासाठी आपण ही जबाबदारी घेतली, असं कळवलं. त्या निर्णयावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, तो विषय वेगळा. पण खुर्ची बदलली तर कर्मचाऱ्याला ते आपल्याकडून कळलं पाहिजे, एवढी जाण तिथे होती. जिल्हा परिषदेत पाच ओळींचं असं पत्र लिहायला काय खर्च येतो?

नंदुरबारला तर याची गरज जास्त आहे. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 16 लाख 48 हजार, त्यात शंभरातले 69 आदिवासी, आणि साक्षरतेत राज्यात शेवटचा. 2018 मध्ये केंद्राने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशीम, उस्मानाबाद यांच्याबरोबर हा आला. तेव्हापासून इथे निर्देशांक, डॅशबोर्ड आणि क्रमवारी यांना तोटा नाही. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात ते आकडे हलवतात त्या मात्र मानधनावरच्या बायका.

चांगलं उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. डॉ. राजेंद्र भारूड 2019 मध्ये इथे जिल्हाधिकारी झाले. शेजारच्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, स्वतः डॉक्टर. कोरोनाच्या पहिल्या लाटेतच, म्हणजे सप्टेंबर 2020 मध्ये, त्यांनी इथे पहिला ऑक्सिजन प्रकल्प उभा केला. दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी धावत असताना नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. याचं कौतुक देशभर झालं. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते : त्यांनी ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. कोणत्या रुग्णाला किती ऑक्सिजन चालू आहे, तो वाया जातोय का, हे बघणं हे त्या परिचारिकेचं काम. तिला नेमकी जबाबदारी दिली आणि तिच्यावर विश्वास टाकला. पुढे राज्यातही या पद्धतीची दखल घेतली गेली.

भारूड 2021 मध्ये बदलून गेले. तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. प्रकल्पाची यंत्रं जागेवर राहिली. अशा कामात शिकून तयार झालेल्या परिचारिकेला मात्र पुढच्या साहेबांनी ‘तू काय करत होतीस, पुढे काय करशील?’ असं विचारावं, याची आपल्या कारभारात कुठेच सोय नाही.

बदल्यांचा कायदा आहे. महाराष्ट्राने 2005 मध्येच केला. त्यानुसार साधारण तीन वर्षं एका पदावर, बदली एप्रिल-मे मध्ये, मध्येच करायची तर कारणं लेखी. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2013 मध्ये अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ ठरवून द्या असं बजावलं, त्यानंतर आयएएससाठी दोन वर्षांचा नियम झाला. हे सगळं साहेबांसाठी. साहेब गेल्यावर मागे राहणाऱ्यांसाठी एक ओळ नाही.

मागे राहणारी माणसं कशी आहेत ते बघा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कोरोनाच्या भीतीने आया मुलांना घेऊन अंगणवाडीत येईनात. तेव्हा नर्मदाकाठच्या चिमलखेडीची सेविका एका मासेमाऱ्याची होडी मागून घेऊन स्वतः वल्हवत अलीगट आणि दादरच्या पाड्यांवर जात होती, गरोदर बायका आणि कुपोषित बाळं तपासायला. धरणाच्या पाण्याने वेढलेल्या गावांत रस्ता नाही म्हणून ही होडी. तिला प्रेरणा द्यायला कार्यशाळा लागली नव्हती. अशा बाईचं मन कामात टिकतं का, हा प्रश्नच चुकीचा. आपण ते मोडत तर नाही ना, हे विचारा.

आपण ते मोडतो. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीतून सेविकांच्या हाती दिलं. आधी दिलेले सरकारी मोबाईल त्याला पुरे पडेनात. ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल परत केले. 4 डिसेंबर 2023 ला मानधन, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांसाठी त्या संपावर गेल्या आणि 52 दिवस बाहेर राहिल्या. दुर्गम भागात नेमलेल्या कायम कर्मचाऱ्यांना 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते आणि ती योग्यच आहे. पण जी त्याच भागात जन्मली आणि तिथेच राबते, ती मानधनावर म्हणून त्या निर्णयाबाहेर. साहेब कितीही चांगले असोत, हा फरक भाषणाने बुजत नाही.

म्हणून नंदुरबारला येणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला हात जोडून विनंती. पहिली आढावा बैठक जिल्हा मुख्यालयात घेऊ नका, धडगावला घ्या. पीपीटी नको. सेविका, आशा, एएनएम यांना समोर बसवा आणि दोनच गोष्टी विचारा : कोणाचे पैसे किती महिने थकलेत, आणि आधीच्या साहेबांचं कोणतं काम तुम्हाला चालू ठेवायचंय? त्यांचं उत्तर लिहून घ्या, खाली सही करा. तुमची बदली झाली की तोच कागद पुढच्या माणसाच्या हातात द्या.