मळभाचे लाभार्थी

ग्लायडिंग शिकणाऱ्याने मोबाईलमधल्या हवामानावर विश्वास ठेवू नये; ठेवायचाच तर घारीवर ठेवावा. ऊन पडलं, जमीन तापली, गरम हवा वर निघाली की घार पंख पसरते आणि एकदाही न हलवता आभाळात जाते. त्या रविवारी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून एक घार गेली ती चक्क पंख मारत, दम टाकत. तिच्याकडे बघून काकांनी पोह्यांचा डबा उघडला. "आज काही खरं नाही," ते म्हणाले.

जानेवारी अखेरचं मळभ होतं. आंब्याच्या मोहोराला वाईट, द्राक्षाला त्याहून वाईट आणि ग्लायडरला सगळ्यात वाईट. पण आमचे पंचनामे कोणी करत नाही. बिनइंजिनाचं विमान तगतं ते जमिनीवरून उठणाऱ्या ऊबदार हवेच्या जिवावर. तिला थर्मल म्हणतात. ती नसली की विंचने दिलेली उंची संपेपर्यंतच मजा. हे सेंटर सरकारी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. एरवी सरकारी कचेरीत वर जायला ओळख लागते, इथे विंच पुरते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती केबल गुंडाळत जाते आणि आपल्याला हजारेक फुटांवर सोडते. म्हणजे ३०० मीटर. तिथून सेकंदाला मीटरभर खाली. शाळेतलं त्रैराशिक मांडा: ५ मिनिटं.

या पाच मिनिटांसाठी माणसं रविवारची झोप मोडून सासवड रस्ता गाठतात. आल्यावर ग्लायडर हँगरमधून ढकलत बाहेर काढायचं, रात्रीच्या भुरभुरीचं पाणी पंखांवरून पुसायचं (ओला पंख नीट तरंगत नाही, म्हणून घरून जुने टॉवेल आणायचे), धावपट्टीच्या टोकाला न्यायचं आणि उतरलं की पुन्हा ढकलत परत आणायचं. लॉगबुकात ढकलण्याच्या तासांचा रकाना असता तर आमच्यातले निम्मे आज इन्स्ट्रक्टर असते. जर्मनांनी हा खेळ वाढवला, कारण पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्यांच्या इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आणले. आमच्यावर ते पगाराने आणले.

तरीही माझं मत विचाराल तर नवशिक्याने मळभाचीच वाट पाहावी. चांगल्या हवेत जाणकार मंडळी वर जातात ती खाली यायचं नाव घेत नाहीत, आणि आपण मान मोडेपर्यंत त्यांचा ठिपका बघत बसतो. क्लाउस ओलमान या जर्मन वैमानिकाने २००३ मध्ये अँडीज पर्वतरांगेवर ग्लायडरमधून ३००९ किलोमीटर अंतर कापलं. विक्रम झाला, टाळ्या पडल्या. पण त्याच्यामागे कोणाचा नंबर असता तर त्या बिचाऱ्याने काय करायचं होतं? मळभात असलं काही नाही. ज्याच्या नावावर शेकडो तास आहेत तोही पाच मिनिटांत खाली आणि मीही. घटनेतली समता इतक्या काटेकोरपणे अमलात आलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

माझा नंबर लागला. पुढच्या सीटवर मी, मागे इन्स्ट्रक्टर सर. एका पोराने पंखाचं टोक धरून ग्लायडर सपाट ठेवलं, केबल ताणली गेली, तो चार पावलं धावला आणि पुढच्या क्षणी माझे पाय डोक्याच्या वर होते. वर पोचलं की पिवळी मूठ ओढायची. ठक् असा आवाज होतो, केबल सुटते आणि अशी शांतता होते की मागून येणारा शब्द न् शब्द ऐकू येतो.

"धागा बघा."

कॅनॉपीवर, अगदी नाकासमोर, बोटभर लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. ग्लायडर तिरकं सरकायला लागलं की तो एका बाजूला कलतो. एवढ्या महागड्या विमानात सगळ्यात खरं बोलणारं उपकरण हे, आणि ते कोणाच्या तरी उसवलेल्या स्वेटरमधून आलेलं.

"धागा डावीकडे चाललाय. अहो, मगरपट्टा काय बघताय, धागा बघा!"

विमान चढतंय की उतरतंय ते दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा शून्याच्या खाली मुक्कामाला होता. पाच मिनिटांनी आम्ही गवतावर.

मग काका गेले. काका बँकेतून निवृत्त झालेले. विमानातसुद्धा घाईने काही करणार नाहीत. ते उतरले तेव्हा ७ मिनिटं झाली होती.

सात! मैदानात खळबळ उडाली. दोघांनी घड्याळं ताडून पाहिली. सरांनी विचारलं, "काका, वळलात कुठे?"

"ते पत्र्याचं मंगल कार्यालय नाही का, त्याच्यावर. काटा क्षणभर शून्याच्या वर गेला हो!"

झालं, दोन तट पडले. एक म्हणे पत्रा तापला असेल. दुसरा म्हणे, ऊन नाही तर पत्रा कशाने तापणार, खालचा भटारखाना बघा, सकाळपासून भट्ट्या पेटल्यात. थर्मोडायनॅमिक्समध्ये एटीकेटी असलेल्या एका विद्यार्थ्याने मातीत काडीने आकृती काढून उष्णता किती फुटांपर्यंत जाईल तेही सांगितलं. माझ्या मते काका हलक्या हाताने वळले, बाकी काही नाही. पण इतक्यात सकाळचीच ती घार कार्यालयावर घिरट्या घालू लागली, आणि माझं मत कोणी विचारेना. ती थर्मलसाठी आली होती की खरकट्यासाठी, हे सांगणारं उपकरण अजून निघालेलं नाही.

केबल ओढून आणणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरने मोबाईल काढला. त्याचा मावसभाऊ तिथे वाढपी होता. पहिली पंगत बसली आहे, दुसरीच्या जिलब्यांची कढई दीड वाजता चढेल, असं कळलं. सरांनी वही पुढे केली. दीडच्या लाँचसाठी पाच जणांनी नावं घातली, आणि काकांनी ज्येष्ठ नागरिक म्हणून सगळ्यांच्या वर.