पान कशाचं?

आमच्या नव्या गादीवर एक हिरवं पान आहे. गोल, सोनेरी काठाचा स्टिकर, मधोमध पान आणि भोवती अक्षरं : ‘प्रमाणित. केमिकल-फ्री फोम.’

फोम, आणि केमिकल-फ्री! पॉलिओल आणि आयसोसायनेट यांचं लग्न लागलं की जे फसफसून वर येतं, त्यालाच फोम म्हणतात. दोघांचंही गोत्र खनिज तेल. केमिकल वजा केलं तर हाती खोळच उरेल.

“प्रमाणित कुणी केलंय?” मी दुकानदाराला विचारलं.

“काका, पान दिसतंय ना?” असं म्हणून त्याने गल्ल्यातून स्टिकरचं रीळ काढलं आणि आणखी एक पान चिकटवलं. “घ्या, डबल सेफ्टी.”

तेव्हापासून मला एकच घोर. पान कशाचं? तुळशीचं म्हणावं, तर तिला नमस्कार करतात, तिच्यावर लोळत नाहीत. पिंपळाचं असेल, तर मध्यरात्री मुंजा येऊन म्हणेल, जरा सरका. कडुनिंबाचं म्हणावं, तर असला वास निंबाला नाही. हा ताज्या रंगकामाचा. (“नव्याचा आहे, जाईल.” जातो खरा. कुठे जातो? आधी आमच्या नाकात.) कढीपत्ता शक्य आहे : वासापुरता घालायचा, मग ताटाच्या कडेला ठेवायचा.

थट्टा पुरे. अर्ध्या तोळ्याच्या अंगठीला हॉलमार्कचा सहा अंकाक्षरांचा क्रमांक लागतो, आणि तान्ह्या बाळाला जिच्यावर निजवतो त्या गादीला रिळातलं पान पुरतं? खरं प्रमाणपत्र असतं तेही बहुधा फोमच्या नमुन्याचं. खोळ आणि चिकटवायचा गोंद त्यात धरलेलाच नसतो. पण क्रमांक, तारीख, नेमकं काय तपासलं, हे विचारणारा गिऱ्हाईक म्हणजे कटकट्या! पिंजारी निदान आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांदेखत गादी उसवायचा. आत ढेकूण असले तर तेही दिसायचे.

शेवटी मीच खोळ काढून गादी रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकली. सहा फूट बाय तीन फूट, जाडी चार इंच, ‘चाळीस डेन्सिटी’ : हिशेबाने पावणेसात किलो भरायला हवी. भरली! मी पेढे आणायला निघालो.

“वजनाचं काय घेऊन बसलात,” रद्दीवाला म्हणाला. “फोममध्ये चुनखडीची पूड घालतात.”

म्हणजे पान विड्याचं. चुना आधीच लावून दिलेला.