गोधडीचं अनबॉक्सिंग

हल्ली पुस्तक वाचून दाखवायचं म्हटलं की आधी माइक येतो, वाचनाचं नंतर बघू. परदेशी पॉडकास्टवाल्यांच्या तोंडापुढे शुअरचा एसएम७बी दिसतो ना, मग तोच हवा! त्याला साठेक डेसिबल गेन लागतो हे घरी आल्यावर कळतं. स्वस्तातला इंटरफेस तेवढा देताना फुसफुसतो, म्हणून वर बूस्टर. कंडेन्सर घ्यावा, तर ४८ व्होल्ट मिळताच तो शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही इमानेइतबारे टिपतो. खरं तर १९६६ पासून स्टेजवर आपटून घेणारा साधा एसएम५८ तोंडापासून चार बोटांवर ठेवला, पाठीमागे जाड गोधडी टांगली, की निम्मं काम झालं. पण गोधडीचं अनबॉक्सिंग बघणार कोण?