गुरुजी, टेन्शन घेऊ नका

खराब स्लॅब ओळखायला इंजिनिअर लागतो, यंत्रं लागतात, प्रयोगशाळा लागते, असा सुशिक्षित वर्गात एक गैरसमज आहे. काही लागत नाही. दोन कान शाबूत असले की पुरे. आपल्याकडे बांधकामातली लबाडी भर दुपारी, मालकाच्या डोळ्यांदेखत, त्यानेच मागवलेला चहा पीत पीत चालते आणि चालू असताना मोठ्याने जाहीरही केली जाते. जाहीर करण्याची भाषा तेवढी धीर देणारी असते. त्यामुळे मालकाला वाटतं, आपली समजूत काढताहेत.

आमचे एक शेजारी निवृत्त गुरुजी. शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या घराच्या स्लॅबचा दिवस अस्मादिकांनी अथपासून इतिपर्यंत पाहिला, म्हणून हे अधिकारवाणीने लिहितो आहे.

स्लॅब पडणं हा आपल्याकडे सणच. मिक्सरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, पहिलं घमेलं बाईंच्या हातून पडलं, त्याचे फोटो निघाले. गच्चीखाली एका बाजूला मटणाचा रस्सा रटरटत होता. गुरुजींना एकच काळजी, रस्सा पुरेल का? आणि मुकादमाला एकच काळजी, रस्सा निवायच्या आत स्लॅब उरकेल का? टोळीचं काम उक्तं. जितक्या लवकर हात धुवायचे तितका फायदा. इथूनच ते पहिलं वाक्य जन्माला येतं, जे महाराष्ट्रात बहुधा प्रत्येक स्लॅबवर उच्चारलं जातं :

‘‘जरा पाणी सोड रे, माल चालंना!’’

आता आय.एस. ४५६ नावाचं एक पुस्तक आहे. २००० साली त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यात एम २० दर्जाच्या, मापाने कालवायच्या काँक्रीटसाठी ५० किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलं आहे. साइटवर मात्र पाण्याचं माप म्हणजे मिक्सरवाल्याचा अंगठा. रबरी पाइपच्या तोंडावर तो अंगठा असतो. अंगठा दाबला की कमी, सोडला की जास्त, आणि तंबाखू मळायची असली की अंगठा दुसऱ्या कामाला गेलेला. क्रश सँड आधीच भिजलेली असते. तिच्या पोटातलं पाणी हिशेबात धरावं, असं कुणी सुचवलं तर मुकादम ज्या नजरेने बघतो त्या नजरेने गुरुजीसुद्धा कधी ‘ढ’ तुकडीकडे बघितले नसतील.

सिमेंटला घट्ट व्हायला स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास पाणी पुरतं. त्यावरचं पाणी माल हलता राहावा म्हणून घालतात. ते नंतर उडून जातं आणि जाताना आपली जागा मोकळी ठेवून जातं. पाणी वाढलं की ताकद घटते, हे डफ अब्राम्स या गृहस्थांनी शिकागोत असंख्य प्रयोग करून १९१८ साली छापलं. त्याला शंभरावर वर्षं झाली. बातमी अजून आमच्या तालुक्यात पोचायची आहे. आम्ही पोती मोजतो. रात्री चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांच्याशेजारी खाट टाकून झोपतो. पाणी कुणी मोजत नाही, कारण ते फुकटचं.

गुरुजी मात्र विज्ञानाचे. त्यांनी कुठून तरी लोखंडी शंकू पैदा करून आणला होता. ३० सेंटिमीटर उंच, खाली रुंद, वर अरुंद. त्यात थराथराने माल भरायचा, सळईने ठोसायचा, शंकू अलगद वर उचलायचा आणि माल किती बसला ते मोजायचं. साध्या स्लॅबचा माल २५ ते ७५ मिलिमीटर बसावा, अशी अपेक्षा. टोळी कुतूहलाने भोवती जमली. गुरुजींनी श्वास रोखून शंकू उचलला. माल पिठल्यासारखा चारी दिशांना पसरला आणि मोजायला उंची अशी काही उरलीच नाही.

‘‘बघा गुरुजी,’’ मुकादम अभिमानाने म्हणाला, ‘‘कसा मस्त पसरतोय!’’

परीक्षेत शून्य मिळालेल्या मुलाने वर्गात पेढे वाटावेत आणि मास्तरांनी एक उचलावा, तसं झालं. गुरुजींनी शंकू धुऊन पिशवीत ठेवला.

तोवर खाली सेंट्रिंगच्या प्लेटांच्या फटींतून राखाडी पाण्याची धार लागली होती. ते पाणी म्हणजे सिमेंटच. वाळूखडीला वर सोडून ते जमिनीचा दर्जा सुधारायला निघालेलं असतं. सेंट्रिंगवाल्याने फटी बुजवल्या नव्हत्या. गुरुजींनी बोट दाखवलं. मुकादमाकडे उत्तर तयारच होतं : ‘‘जास्तीचं पाणी निघून जातंय, चांगलंच की!’’ म्हणजे पाणी घातलं तेही भल्यासाठी आणि गळलं तेही भल्यासाठी. या माणसाला राजकारणात कुणी का नेत नाही, कळत नाही.

आता सळईकडे येऊ. फिटरने दोन दिवस खपून जाळी सुरेख बांधली होती. इंजिनिअरसाहेब सकाळी येऊन गेले, गॅलरीच्या वरच्या सळया बघितल्या, मोबाइलवर फोटो काढले आणि पुढच्या साइटला गेले. हा फोटो फार महत्त्वाचा. गॅलरी आणि छज्जा भिंतीतून बाहेर लोंबकळत असतात, त्यामुळे त्यांच्यात ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वरच लागते. ती तिथं टिकावी म्हणून खाली सळईच्याच खुर्च्या द्यायच्या असतात. खुर्च्या अंतराअंतराने, भरपूर द्याव्या लागतात. इथं दोन होत्या. आणि मग घमेली घेतलेली पंचवीस-तीस माणसं त्याच सळयांवरून धावू लागली. दहा एमएमची सळई ती, माणसाच्या पायाखाली वाकणारच. अर्ध्या तासात वरची जाळी खालच्या जाळीला भेटायला गेली.

‘‘अहो, दबली ना ती!’’ गुरुजी ओरडले.

‘‘माल टाकताना वर ओढून घेतो, गुरुजी. टेन्शन घेऊ नका.’’

ओढून घेणाऱ्या माणसाच्या हातात आकडा होता खरा. त्याने एका सळईला आकडा लावला, ओढली, फोटोसाठी बघावं तसं गुरुजींकडे बघितलं, आणि सोडली. चार इंची गॅलरीत वरची सळई तळाला गेली की त्या गॅलरीला तिने पेललेलं आहे म्हणण्यापेक्षा ती गॅलरीसोबत प्रवासाला निघाली आहे म्हणावं. टेकू काढताना निघते किंवा पुढे कधी तरी, वरात बघायला बायकामुलं तिथं दाटीवाटीने उभी राहिल्यावर. इंजिनिअरसाहेबांच्या फोटोत मात्र सळई वरच आहे. कायम राहील.

बाकीचं भराभर सांगतो. सळईखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीट यावं म्हणून कव्हर ब्लॉक ठेवतात. ते संपले म्हणून खडी ठेवली, खडी पायाने सरकली. नीडल व्हायब्रेटर होता, पण त्याचं काम मालाला ढकलत कोपऱ्यात नेणं एवढंच समजलं गेलं. नीडल उभी आत घालून, बुडबुडे थांबेपर्यंत धरून, सावकाश वर काढायची असते. मालात पाच टक्के हवा राहिली तरी ताकद तीस टक्क्यांपर्यंत पडू शकते. पुढे लाइट गेली, नीडलही गेली, बांबू आला. जेवणासाठी सगळे तासभर उठले. अर्धवट स्लॅबची कड उन्हात सुकत पडली, आणि ढेकर देऊन परतल्यावर तिच्यावर सिमेंटचं पाणी शिंपडून ‘‘जॉइंट पॅक’’ झाल्याचं घोषित झालं. छतावर पुढे नेमकी जी सरळ ओल उमटते, तिचा उगम मटणाच्या पंगतीत असतो.

आणि क्यूब! १५ सेंटिमीटरचे हे लोखंडी साचे म्हणजे लाडकी लेकरं. त्यांच्यासाठी माल वेगळा कालवला. त्यात पाणी बेताचं, सिमेंट ओंजळभर जास्त, ठोसणी मनापासून. दुसऱ्या दिवशी ते साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत सोडले. तिथं ते अठ्ठावीस दिवस डुंबणार आणि मग प्रयोगशाळेत पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होणार. रिपोर्ट नगरपालिकेच्या फाइलीला लागेल. गुरुजींना सहकुटुंब त्या क्यूबमध्ये राहायला जाता आलं असतं, तर शंभर वर्षं निर्धास्त होते.

स्लॅबला मात्र पाणी मिळेना. ज्या दिवशी पाणी नको होतं त्या दिवशी टँकर, आणि हवं होतं तेव्हा ‘‘पाणी मारायचं मालकाकडं.’’ बाजारात सिमेंट मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं. त्याला निदान दहा दिवस ओल लागते. गुरुजींनी वाळूसिमेंटची आळी करून घेतली, पण आळ्यांत पाणी पहाटे नळ आला तरच. चौथ्या दिवशी मुकादमाचा पोऱ्या प्लेटा मोजायला हजर. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवस हलवायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा. गुरुजींनी पुस्तक उघडून दाखवलं. पोऱ्याने ते आदराने कपाळाला लावलं आणि म्हणाला, ‘‘बरोबर आहे गुरुजी, पण दुसऱ्या साइटला स्लॅब लागलाय.’’

प्लेटा निघाल्या. छताला दोन ठिकाणी मधमाश्यांनी वस्ती केल्यासारखी भोकं, एका जागी सळई बाहेर डोकावतेय. गुरुजींनी हातोडीने ठोकून बघितलं, पोकळ वाजलं. ‘‘प्लॅस्टरमध्ये झाकून जातंय’’ हे यावर शासनमान्य उत्तर, आणि ते खरंही ठरलं. दोन दिवसांत सगळं झाकून गेलं. बिल चुकतं होईपर्यंत दिसलं नाही, इतकं छान झाकलं.

तुम्ही महाराष्ट्रात एस.टी.ने कुठेही जा. गावोगावच्या चांगल्या पक्क्या घरांच्या गच्चीवर निळे-लाल पत्रे चढवलेले दिसतील. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, लोकांनी वाळवणासाठी सोय केली. काहींनी केलीही असेल. बाकीच्यांचे ते स्लॅबचे रिपोर्ट आहेत, प्रयोगशाळेपेक्षा खरे. लाखो रुपये घालून छप्पर करायचं आणि त्या छपराला पाऊस लागू नये म्हणून त्याच्यावर छप्पर घालायचं!

गुरुजींनीही दुसऱ्या पावसाळ्यानंतर पत्र्याचं काम काढलं. त्यासाठी जो आला तो मुकादमाचा मेहुणा निघाला. चुणचुणीत पोरगा. गच्चीभर फिरला, टाच आपटून बघितली, पंगतीच्या वेळच्या त्या रेषेवरून बोट फिरवलं आणि खिशातून टेप काढत म्हणाला, ‘‘दाजींचंच काम दिसतंय. मग पत्रा जरा जाड गेजचा घ्या, गुरुजी.’’