गोदामवाल्याचा कॉम्प्युटर

चेन्नईजवळच्या ओरगडमच्या चौकात वंडलूर–वालाजाबाद रस्ता आणि श्रीपेरुंबुदूरकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात, आणि तिथून सुट्टे भाग वाहणारे ट्रक अखंड जात असतात. रेनो-निस्सान, डेमलर, रॉयल एनफील्ड, अपोलो टायर्स, सगळे इथेच. चाकणहून आलेल्या माझ्यासारख्याला त्यामुळे फारसं परकं वाटत नाही. पाट्या तेवढ्या तमिळ.

माझं काम साठ्याचं. गाडी जोडायच्या लाइनशेजारी तास-दोन तासांपुरता माल, मागे गोदामात दिवस-दोन दिवसांचा, बाकीचा पुरवठादाराच्या दारी किंवा वाटेवर. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी जादा साठ्याला सात अपव्ययांत बसवलं, तेव्हापासून आमच्या जमातीला भरलेलं रॅक बघवत नाही. म्हणून घरी नवा डेस्कटॉप जुळवायचं ठरलं तेव्हा मेमरी आणि ड्राइव्हचं खातं आपसूक माझ्याकडे आलं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही मानाची खाती चिरंजिवांनी स्वतःकडे ठेवली.

खातं ओळखीचं निघालं. रॅम म्हणजे लाइनशेजारचा माल: प्रोसेसरने हात पुढे केला की मिळालाच पाहिजे, आणि वीज गेली की सगळे बिन रिकामे. एसएसडी म्हणजे गोदाम. हार्ड डिस्क म्हणजे दूरचा पुरवठादार. देतो सगळं, पण त्याच्या सवडीने. सॅटावरची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते, चौथ्या पिढीची एनव्हीएमई सात हजारांपर्यंत जाते. मिनिटाला 7200 फेरे घेऊनही हार्ड डिस्क दोनशेच्या आगेमागेच राहते. अर्थात हे आकडे एकच मोठी फाइल हलवतानाचे. घरात वीजबिल उघडताना तिसरी पिढी आणि चौथी पिढी यांतला फरक कळला असं म्हणणारा माणूस एक तर विक्रेता असतो, नाही तर अठरा वर्षांचा.

लाइनला माल कमी पडला तर गोदाम कितीही मोठं असो, लाइन थांबते. म्हणून माझा कौल आधी रॅमला. त्यातही 32 जीबीची एकच पट्टी न घेता 16-16 च्या दोन. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल येतो. मदरबोर्डावर सहसा चार खाचा असतात, पण दोन पट्ट्या शेजारीशेजारी बसवायच्या नसतात; बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. जुन्या कॉम्प्युटरची डीडीआर4 पट्टी नव्या डीडीआर5 बोर्डावर चालवावी, हा माझा काटकसरीचा विचार तिथेच मिटला. दोन्हींना पिना 288 च, पण मधली खोबण मुद्दाम सरकवलेली आहे. माझ्यासारखी माणसं जगात आहेत हे बनवणाऱ्यांना आधीच माहीत होतं.

खरेदीला माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवर गेलो. दुकानदाराने आमच्या तोंडाकडे बघून एका दमात तीन प्रश्न टाकले, "गेमिंगा, सार? एडिटिंगा? आफीसा?" चिरंजीव पहिल्याला हो म्हणाले, मी तिसऱ्याला. दुकानदाराने मान हलवली, ती दोघांनाही लागू पडेल अशी. मग त्याने रॅमचा भाव सांगितला आणि हा भाव संध्याकाळपर्यंतचाच, असंही सांगितलं. त्याचा दोष नव्हता. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे या पट्ट्यांवरची मेमरी, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांनी त्यांचा माल उचलायला सुरुवात केल्यापासून किरकोळ गिऱ्हाइकाला कोणी विचारेना. 2025 च्या डिसेंबरात मायक्रॉनने तर क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळला की छोट्याचं काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको.

एक टीबीची एसएसडी घरी आणून जोडली तर विंडोजने 931 जीबी दाखवले. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या, हे मला समजतं. पण चलानवर हजार आणि मोजणीत 931, अशी गाडी आमच्याकडे गेटवरच अडवली असती.

इथवर मी माझ्या धंद्याला जागलो होतो. बिघडलो ते हार्ड डिस्कपाशी. मी चार टीबीची मागितली. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारलं, "अहो, कारखान्यात एक नट जादा दिसला तर तुम्ही मेल टाकता ना?" टाकतो. पण घरचा माल वेगळा. दर गणपतीत एकाच मोदकाचे अनेक कोनांतून काढलेले फोटो, व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या मुंजी, कुणाकुणाच्या पत्रिका, आणि नात्यातल्या लग्नांत आम्ही जेवत असल्याचे पुरावे. आयबीएमच्या 1956 सालच्या पहिल्या डिस्क ड्राइव्हला दोन-दोन फुटी 50 तबकड्या होत्या, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. आमच्या मोदकाचा एक फोटो जेमतेम बसला असता. तेव्हाची माणसं काय ठेवायचं ते ठरवत असतील. आम्हाला ती सक्ती उरलेली नाही.

शिवाय या मुलखात मराठी माणसाची साठवणीची हौस जुनी आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत कोरून घेतला. लिहायला वेळ फार, खोडायची सोय नाही, पण सव्वादोनशे वर्षं विजेवाचून टिकलाय. आमच्या एसएसडीला ते जमणार नाही. वापरून पुरती झिजलेली एसएसडी वीज न देता 30 अंशांत ठेवली तर माहिती वर्षभर टिकावी, एवढीच जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा. नवी ड्राइव्ह जास्त टिकते. पण मे महिन्यात 30 अंश ओरगडममध्ये कुठे शोधायचे? तेव्हा कपाटात ठेवायची प्रत हार्ड डिस्कवरच बरी, हा मुद्दा मी सौभाग्यवतींपुढे मांडला आणि चार टीबी मंजूर करून घेतली.

जाणकार सांगतात, प्रती तीन असाव्यात, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर. 2015 च्या डिसेंबरचा पूर आणि 2023 चं मिचाँग वादळ आठवलं की घराबाहेरची प्रत चेन्नईबाहेरच असावीशी वाटते. चिंचवडच्या मेहुण्याला फोन केला. तो ड्राइव्ह सांभाळायला आनंदाने तयार झाला. फक्त तिच्यात दोनेक टीबी मोकळी असेल तर त्याच्याही लग्नाची कॅसेट आहे, म्हणाला, आणि शेजारच्या देशपांड्यांचीही.