सर्व्हरभाऊ

गोंदिया जिल्ह्यात तालुके आठ, आणि प्रत्येक तालुक्याला एक तरी सर्व्हरभाऊ असतोच. आमगाव घ्या की तिरोडा, ऑनलाइन कामाच्या दुकानात दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर भाऊ बसलेले असतात. दुकान त्यांचं नसतं, कॉम्प्युटरही त्यांचा नसतो. पण पडद्यावर चकरी फिरू लागली की पहिला आवाज त्यांचा : "एफ फाइव्ह नको दाबू बे!"

आणि पंचाईत अशी, की त्यांचं बरोबर असतं. पान यायच्या आधीच पुन्हा मागवलं, की सर्व्हरवर आणखी एका मागणीचा बोजा. बाकीच्यांचे उपाय ठरलेले : मोबाइल बंद-चालू करा, रात्री बाराला या. भाऊ मात्र आधी विचारतात, "फक्त पहिल्यांदाच अडते, का दरवेळी?"

दरवेळी अडत असेल तर गर्दी, नाहीतर डेटाबेसमधली एखादी रेंगाळणारी क्वेरी. पहिल्यांदाच अडत असेल तर ॲप झोपलं होतं. विंडोजच्या आयआयएस सर्व्हरवर 20 मिनिटं कोणी फिरकलं नाही तर ॲपची प्रोसेस बंद होते; मूळ सेटिंगच तशी. मग पुढे जो येईल त्याच्या डोक्यावर सगळी उठाठेव. प्रोसेस उठणार, कोड कंपाइल होणार, डेटाबेसशी जोडणी होणार, कॅशे तर रिकामाच.

समोरच्याने विचारलेलं एवढंच असतं : "आज होईल का जी?"

एका सकाळी एक काका पतसंस्थेचा हप्ता भरायला आले. पान उघडेना. भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. "काकाजी, उसन्या तांदळाची मिल पाहिली ना? बॉयलर तापल्याबिगर पहिलं पोतं निघते का? मागचे मंग भराभर निघतात. हे बी तसंच हाये."

काकांची उमर मिलच्या हमालीत गेलेली. त्यांनी खर्रा या गालातून त्या गालात सारला आणि म्हणाले, "मंग बॉयलर थंडा काहाले होऊ देता जी? रातपाळीचा माणूस ठेवा ना."

भाऊ गप्प. तेवढ्यात पान उघडलं. काकांनी हप्ता भरला, पावतीची घडी पासबुकात घातली आणि निघून गेले.

इलाज तोच होता. 20 मिनिटांची ती मुदत शून्य करायची आणि ॲप सतत चालू राहील अशी सेटिंग ठेवायची. नाहीतर दर काही मिनिटांनी त्याला हाक मारणारा छोटा प्रोग्राम लावायचा. अर्थात चावी पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवाल्याकडे. भाऊंकडे फक्त खुर्ची.

दुपारी देवरीच्या दुकानातून फोन आला. तिथेही चकरी. भाऊंनी स्पीकर चालू केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"पहिल्यांदाच अडते ना? मंग त्याइले सांग, रातपाळीचा माणूस ठेवा म्हणा. बॉयलर थंडा होऊच द्याचा नाही. मिल लाइनचा अनुभव हाये माझा!"