लिअरचा सातबारा

गावात नाट्यगृह नसलं तरी नाटकातला जाणकार असतोच. उलट प्रयोगच होत नसल्यामुळे त्याचं म्हणणं खोडून काढायला कोणी उरत नाही. लोणावळ्याजवळच्या वलवणचे नाट्यकाका या परिस्थितीचा पुरेपूर फायदा घेतात.

काकांनी मराठी रंगभूमीशी संबंध तोडला त्याला बरीच वर्षं झाली. ‘नटसम्राट’ त्यांनी डॉ. लागूंचं पाहिलंय. त्यानंतर जो कोणी आप्पा बेलवलकर झाला, त्याच्याकडे ते भाडेकरूकडे पाहावं तसं पाहतात. आता त्यांना लंडनचं नाटक लागतं, आणि तेही मुंबईला जाऊन पडद्यावर. लंडनच्या नॅशनल थिएटरने जून २००९ मध्ये हेलन मिरेनच्या ‘फेड्र’पासून रंगमंचावरचे प्रयोग थेट चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली. त्यातले काही चित्रित प्रयोग नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत दाखवतात. “थेट प्रक्षेपण आहे,” असं काका सांगतात. प्रयोग होऊन वर्ष उलटलेलं असलं तरी त्यांच्या लेखी तो थेटच असतो, कारण ते स्वतः थेट वलवणहून आलेले असतात.

तिकीट काढलेलं असतंच, पण काका आत शिरतात ते मालकाच्या थाटात. “आमच्या वलवण धरणाचं पाणी खाली खोपोलीला जातं. १९१५ पासून टाटा त्यावर वीज करून मुंबईला देतात. या पडद्यावरचा उजेड कुणाचा?” दारावरचा पोरगा नम्रपणे म्हणतो, “काका, मोबाईल बंद करा.”

आत काका मधल्या रांगेत बसतात, म्हणजे दोन्ही बाजूंना समजावून सांगता येतं. ‘किंग लिअर’ला मी शेजारी होतो. म्हातारा राजा इयन मॅकेलन, खेळ साडेतीन तासांच्याही वर. काका इंग्रजी ऐकत नाहीत, त्याचा अंदाज घेतात. पण गोष्ट त्यांना आपल्यापेक्षा पक्की ठाऊक असते, कारण ती ते तलाठ्याच्या नजरेने वाचतात. ‘हॅम्लेट’ म्हणजे बाप गेल्यावर चुलत्याने परस्पर आपलं नाव चढवलेलं. ‘मॅकबेथ’ म्हणजे बायकोच्या नादाने केलेलं अतिक्रमण. ‘ऑथेल्लो’त जमीन नाही, म्हणून ते नाटक त्यांना जरा कच्चं वाटतं.

लिअरने राज्याची वाटणी सुरू केली आणि काका कण्हले. “अरे, हयातीत देऊ नये! मृत्युपत्र कर, पाहिजे तर रोज बदल!” पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. काकांनी त्यांनाही सल्ला दिला.

मग वादळ आलं. राजा भिजत आकाशाशी भांडतोय, सगळं सभागृह श्वास रोखून बसलंय, आणि काका मला कोपराने ढोसून म्हणाले, “आमच्याकडे जुलैत रोज असतं हे. कानटोपी घालायची आणि गप घरात बसायचं.”

मध्यंतरात पडद्यावर लंडनचे प्रेक्षक उठताना, गप्पा मारताना दिसू लागले. मुंबईतले प्रेक्षक समोशाच्या रांगेकडे वळले, काका मात्र लंडनकरांचे कोट न्याहाळत राहिले. नंतर एकदम उठले, एकट्याने टाळ्या वाजवल्या आणि पिशवी उचलून चालू लागले. ५.१० ची डेक्कन क्वीन गाठायची होती.

हा त्यांचा कायमचा शिरस्ता आहे. गेल्या कित्येक वर्षांत काकांच्या डोळ्यांदेखत एकही नायक मेलेला नाही. कॉर्डेलिया अजून फ्रान्समध्ये सुखात आहे. हॅम्लेट विचार करतोय, डेस्डेमोनाचा रुमाल नुकताच हरवलाय. जगातल्या थोर शोकांतिका काकांनी लोणावळा स्टेशनपर्यंत सुखरूप आणून सोडल्यात. यावर कोणी छेडलं तर ते म्हणतात, “मूळ चूक पहिल्या अंकात होते. पुढे नुसतं व्याज.”

तिकिटं काढून देतात ती त्यांची दोन मुलं. मोठा पुण्यात, धाकटा ठाण्यात. काकांचं कौलारू घर आणि मागची जागा आता पैशांत मोजावी अशी राहिलेली नाही. आजूबाजूला व्हिला उठल्यात, शनिवार-रविवार त्यांच्यातून गाणी ऐकू येतात, आणि दलाल चिक्कीचा पुडा घेऊन येतात. म्हणजे वलवणच्या माणसाला वलवणची चिक्की. वडिलांना खूश ठेवावं म्हणून पोरं मोबाईलवर जागा आरक्षित करतात, डेक्कन क्वीनचं तिकीटही काढतात. जागेचा विषय निघाला की काका म्हणतात, “बघू.” ‘लिअर’नंतर ते “बघू” म्हणायचेही थांबले.

गेल्या दिवाळीत थोरला अगदी कळवळून म्हणाला, “बाबा, एवढ्या लांब जाता, एकदा शेवटपर्यंत बसा ना! मुक्कामाची सोय करतो. शेवट बघायला नको का?”

काकांनी चकली मोडली. “शेवट बघायला मुंबईला कशाला जाऊ? सही केली की तुम्ही घरबसल्या दाखवाल.”